मनासाठी मांडलेली खुर्ची

समुपदेशनाच्या खोलीत तीन खुर्च्या असतात. एकीवर मदत मागायला आलेला माणूस, दुसरीवर समुपदेशक, तिसरी रिकामी. थोडं बोलणं झालं की समुपदेशक म्हणतो, "तुमचं मन तुम्हाला दिवसभर जे ऐकवतं, ते त्या खुर्चीवर बसून, मनाच्याच आवाजात सांगा बघू." माणूस अवघडतो. उठतो, जागा बदलतो, आणि एरवी डोक्यातल्या डोक्यात घुमणारं बोलणं पहिल्यांदाच मोठ्याने बोलतो: तू काही कामाचा नाहीस, तुझ्यामुळे घर बुडालं. मग आपल्या जागेवर परत येतो आणि आत्ताच सोडलेल्या खुर्चीकडे बघत बसतो.

स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धतीत, मानसोपचाराच्या जगात जिला 'ॲक्ट' म्हणतात तिच्यात, खुर्चीचं काम साधारण असं चालतं. ही खुर्ची आली कुठून, याचा माग काढत गेलं तर वाट व्हिएन्नाला पोचते. आणखी एक वाट आहे. तिचं या खुर्चीशी वंशाचं नातं नाही, पण ती जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब या गावी जाते. मला दोन्ही वाटांनी जायचं आहे, कारण जालन्याचा माणूस या खुर्चीवर बसेल तेव्हा तो दुसऱ्या वाटेने तिथवर आलेला असेल.

आधी व्हिएन्ना. याकोब लेव्ही मोरेनो हा १८८९ साली बुखारेस्टमध्ये जन्मलेला ज्यू डॉक्टर. वैद्यकीचं शिक्षण घेत असताना तो व्हिएन्नातल्या बागांमध्ये मुलांना गोळा करून गोष्टी सांगायचा आणि त्यांच्याकडून त्या वठवून घ्यायचा. पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य कोसळलं, आणि शहराला आपला धनी कोण हेच कळेनासं झालं. १ एप्रिल १९२१ च्या संध्याकाळी मोरेनोने एका नाट्यगृहात प्रयोग लावला. पडदा उघडला तर रंगमंचावर नट नाहीत, संहिता नाही. होती फक्त एक लाल मखमली खुर्ची, सिंहासनासारखी, आणि एक मुकुट. प्रेक्षकांपैकी ज्याला वाटेल त्याने वर यावं, त्या खुर्चीत बसावं आणि राजा होऊन बोलावं. मोरेनोने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की त्या रात्री एकही राजा लोकांच्या पसंतीस उतरला नाही आणि त्याचे कित्येक मित्र दुरावले. पण रिकामी खुर्ची माणसाला बोलतं करते, हे त्याला समजलं.

त्याच्या नाटकमंडळीत बार्बरा नावाची एक नटी होती. भूमिका सोज्वळ, घरी मात्र नवऱ्यावर सतत आग. नवऱ्याने गाऱ्हाणं केलं तेव्हा मोरेनोने तिला रंगमंचावर भांडखोर, उग्र बायकांची कामं द्यायला सुरुवात केली, आणि मोरेनो सांगतो त्याप्रमाणे घरातला तिचा संताप उतरत गेला. यातून सायकोड्रामा, म्हणजे नाट्यातून उपचार, उभा राहिला. १९२५ साली मोरेनो अमेरिकेत गेला. १९३६ साली न्यूयॉर्कजवळच्या बीकन गावी त्याने दवाखाना काढला, त्याला जोडून छोटं नाट्यगृहही बांधलं. तिथे रोगी आपल्या आयुष्यातला प्रसंग उभा करायचा, इतर लोक त्याच्या आई-बापाची, भावाची, मालकाची कामं करायचे. मग जागा बदलायच्या. मुलगा बापाच्या जागी जाऊन बापासारखं बोलायचा. माणूस हजर नसेल तर त्याच्या जागी खुर्ची ठेवायची.

ही खुर्ची पुढे उचलली ती फ्रिट्झ पर्ल्सने. हा मानसोपचारतज्ज्ञ बर्लिनचा. तरुणपणी माक्स राइनहार्टच्या नाट्यवर्तुळात वावरलेला, पुढे दक्षिण आफ्रिकेमार्गे न्यूयॉर्कला आलेला. मोरेनोच्या कार्यशाळा त्याने पाहिल्या होत्या. त्याने त्यातली बाकी मंडळी काढून टाकली आणि खुर्ची ठेवली. आता बापही रोग्यानेच व्हायचं, मुलगाही त्यानेच. इतकंच नाही, तर स्वतःच्या आतले दोन तुकडे दोन खुर्च्यांवर बसवायचे: वरचढ राहून हुकूम सोडणारा एक, आणि 'करतो, उद्या करतो' म्हणत निसटणारा दुसरा. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन इथे पर्ल्स हे खेळ भरल्या सभेसमोर करायचा आणि लोक ढसाढसा रडायचे. १९७० साली तो वारला तोवर रिकामी खुर्ची जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली होती. मोरेनोचं श्रेय त्यात बरंच झाकलं गेलं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

पर्ल्सच्या हातात खुर्ची हे भावनेचा बांध फोडण्याचं साधन होतं. टोरोंटोच्या लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने ती संशोधनाच्या टेबलावर आणली. दोन खुर्च्यांच्या संवादांची ध्वनिमुद्रणं त्याने वाक्यावाक्याने तपासली आणि एक गोष्ट दाखवून दिली. संवाद सफल होतो तेव्हा टीका करणारा आवाज हळूहळू मऊ पडतो, त्या कठोरपणाच्या मागची भीती बोलू लागतो. ज्यांच्याशी काही बोलायचं राहून गेलं अशा माणसांसाठी रिकामी खुर्ची कशी उपयोगी पडते, हेही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलं. पुढे खुर्ची स्कीमा थेरपीत शिरली, करुणाकेंद्री उपचारांत गेली. स्कॉट केलॉग या मानसशास्त्रज्ञाने २०१४ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. हा सगळा पसारा इथे मांडत बसत नाही.

ॲक्टची मुळं वेगळ्या जमिनीत आहेत. स्टीव्हन हेज हा वर्तनवादात वाढलेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७८ साली विद्यापीठातल्या विभागाच्या बैठकीत प्राध्यापकांची भांडणं चालू असताना त्याला बोलायचं होतं आणि तोंडातून शब्द फुटेना. भयाचा झटका आला होता. पुढची दोन-तीन वर्षं त्या भयापासून पळण्यात गेली आणि पळावं तितकं ते वाढत गेलं. पळणं हेच दुखणं आहे, या अनुभवातून त्याची पद्धत उभी राहिली. ऐंशीच्या दशकात तिचं नावच विचारांपासून सर्वांगीण अंतर घेण्यावरून ठेवलेलं होतं. ॲक्ट हे नाव मागाहून आलं, आणि कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासह लिहिलेला तिचा मूळ ग्रंथ १९९९ साली निघाला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मन विचार तयार करतच राहणार. त्यातले त्रासदायक विचार खोडत बसू नका, ते खरे की खोटे याचा खटलाही चालवू नका. विचार हा विचार म्हणून दिसू द्या, त्याला जागा द्या, आणि तो सोबत असतानाच जे तुम्हाला मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाका.

त्या १९९९ च्या ग्रंथात मनाला फिरायला नेण्याचा एक खेळ आहे. दोघांनी चालायचं, एकाने माणूस व्हायचं, दुसऱ्याने त्याचं मन. मनाने मागून अखंड बडबड करायची, माणसाने उत्तर न देता हवं तिकडे जायचं. खुर्ची नाही, पण कल्पना मोरेनोचीच: आतला आवाज बाहेर काढून दुसऱ्या देहात ठेवायचा. त्यामुळे ॲक्टवाल्यांनी पुढे खुर्च्या मांडल्या यात नवल नाही. त्यांनी खुर्चीचं काम मात्र बदललं. पर्ल्सच्या दोन खुर्च्या भांडून समेट करायच्या. ॲक्टमध्ये समेटाची सक्ती नाही. मनाच्या खुर्चीतून मन बोलतं, दुसरीतून दुखावलेला माणूस बोलतो, आणि मग त्याला तिसरीकडे, थोडं लांब नेतात. तिथून त्याने दोघांकडे नुसतं पाहायचं. हे सगळं जो पाहतो आहे तो या दोघांपैकी कुणीच नाही, हे तिथे त्याला सांगावं लागत नाही. खुर्ची बदलताना पायांनाच ते कळलेलं असतं.

आता जांबला येऊ. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली जन्मलेला नारायण लहानपणी अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला आणि आईने विचारल्यावर साऱ्या जगाची काळजी करतोय म्हणाला, ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बाराव्या वर्षी तो लग्नमंडपातून निघून गेला, नाशिकजवळ टाकळीला राहिला, देशभर हिंडला आणि समर्थ रामदास झाला. त्यांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, भुजंगप्रयात वृत्तातले. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिवेलागणीला ते म्हटले गेले, आजही पाठांतराच्या स्पर्धांत म्हटले जातात. त्यांचा विषय भक्ती आणि विवेक. पण मला इथे महत्त्वाची वाटते ती त्यांची बैठक. बोलणारा एक आहे आणि मन दुसरं. मनाला समोर बसवून, नावाने हाक मारून, त्याच्याशी बोलणं चाललं आहे. जे मूल हे श्लोक म्हणत मोठं होतं, त्याला 'मी म्हणजे माझं मन नव्हे' हा धडा कुठल्या पुस्तकातून घ्यावा लागत नाही. तो त्याच्या जिभेवर असतो.

याच रामदासांची करुणाष्टकं काढून बघा. तिथे बोलणारा कासावीस आहे. मन आवरत नाही, जीव तापला आहे, आपल्या हातून काही होत नाही, अशी रामाकडे केलेली ती विनवणी आहे. एका रचनेत मनाला खडसावणारा, दुसरीत मनाने पोळलेला. एकाच माणसाने दोन्ही जागांवर बसून पाहिलं होतं, आणि दोन्हीकडून लिहिण्याचं धैर्य त्याच्यात होतं.

जांबच्या दक्षिणेला गोदावरी, आणि तिच्याच काठी वर पैठण. तिथल्या एकनाथांनी, रामदासांच्या आधीच्या शतकात, भारुडात आणखी धीट काम केलं. ते जोशी झाले, वासुदेव झाले, भुत्या झाले, आंधळे आणि मुके झाले आणि त्या त्या माणसाच्या तोंडून बोलले. हिंदू-तुर्क संवादात त्यांनी समोरासमोर भांडणाऱ्या दोघांनाही आवाज दिला. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलायची रीत या मुलखाला मोरेनोच्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलेली आहे.

आणि दहाव्याचा घाट. पिंड मांडलेला असतो आणि कावळा शिवत नाही. मग घरातलं कुणीतरी पुढे होतं आणि गेलेल्या माणसाशी सगळ्यांदेखत बोलू लागतं: धाकटीचं लग्न आम्ही करू, भावाशी भांडणार नाही, म्हातारीला अंतर देणार नाही, तू मोकळा हो. राहून गेलेलं बोलणं, समोर नसलेल्या माणसाशी, एका नेमक्या जागेकडे तोंड करून. ग्रीनबर्गने ज्यासाठी खुर्ची मांडली ते काम गोदाकाठच्या घाटांवर दर्भ, भात आणि कावळ्याच्या साक्षीने होत आलं आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. त्या बोलण्याने मागे राहिलेल्यांचं ओझं हलकं होताना दिसतं, एवढं मी म्हणेन.

या साम्यावर खूश होऊन 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण खुर्चीवर बसल्यावरच कळतं. रामदास मनाशी बोलतात ते उपदेश करायला. हे धर, ते सोड, असं वाग, तसं वागू नकोस. मराठी समुपदेशनानेही पुढे हाच मार्ग धरला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घरोघर नेली, संतसाहित्याशी तिची सांगड घातली. त्या कामाचं ऋण मोठं आहे. पण तिथेही मनाच्या अविवेकी विचाराशी वाद घालून त्याच्या जागी विवेकी विचार आणायचा असतो. ॲक्ट हे करत नाही. ती मनाला सुधारायला निघालेली नाही.

म्हणून मराठी माणूस मनाच्या खुर्चीसमोर बसला की पहिल्या झटक्यात काय करतो? उपदेश. 'अरे असा विचार करू नये. लोकांचं किती वाईट असतं. धीर धर.' ऐकायला छान वाटतं, पण ते बोलणं नीट ऐका: तो आवाज पुन्हा मनाचाच असतो, फक्त शहाण्याच्या वेषात आलेला. दुखणारा माणूस अजून बोललेलाच नसतो. इथे समुपदेशकाने हलकेच थांबवायला हवं. आणखी एक खुर्ची आणून म्हणावं, "हा उपदेशकही इथे बसू दे. आता ज्याला त्रास होतोय तो कुठे आहे?" मनाच्या श्लोकांच्या जागेवरून उठून करुणाष्टकांच्या जागेवर येणं, इतकं मोठं ते अंतर आहे, आणि ॲक्टचं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

उदाहरणादाखल असा एक शेतकरी धरू. अंबड किंवा घनसावंगीकडचा, मोसंबीचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात टँकरने पाणी घालूनही बागाच्या बागा वाळल्या, आणि बापाने लावलेली, पंधरा-वीस वर्षं पोसलेली झाडं लोकांनी डोळ्यांदेखत तोडून सरपण केली. त्याचं मन म्हणतं, बापाने लावलं ते तुला राखता आलं नाही. याला पुराव्याने खोडायला जावं तर पाऊस पडला नाही, हे त्यालाही माहीत आहे. वाद जिंकून मन गप्प बसत नाही. खुर्चीवर मात्र तो मनाच्या आवाजात हे बोलतो, मग स्वतःच्या जागेवरून ऐकतो, आणि तिसऱ्या जागेवरून पाहताना त्याला दिसू शकतं की हे बोलणारा आवाज बापाच्या कष्टांची किंमत जाणतो म्हणूनच इतका टोचतो. दुखतं तिथेच मोलाचं काहीतरी पुरलेलं असतं, असं ॲक्टचं म्हणणं आहे. मग चौथी जागा: ते मोल स्वतः बोललं तर काय म्हणेल? कदाचित म्हणेल, पोरांना माती ओळखायला शिकव. आणि मग या आठवड्यात करता येईल असं एक काम ठरवायचं. पोराला घेऊन शेतात जायचं, तोंड चुकवत होता त्या बँकेच्या साहेबाला भेटायचं. मन सोबत येणार, कुरकुरणार. येऊ दे.

हे जालन्यात करायचं तर खुर्चीचाही विचार करावा लागेल. खेड्यात खुर्ची सगळ्यांसाठी सारखी नसते. ती साहेबासाठी, पाहुण्यासाठी, सरपंचासाठी झटकून ठेवतात. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. अशा बाईला मनाच्या खुर्चीवर बसवलं तर तिचा निम्मा जीव खुर्चीच सांभाळण्यात जाईल. तिथे सतरंजीवर तीन जागा कराव्यात, अंगणातली बाज चालेल, पाट चालेल. आणि मनाला फिरायला नेण्याचा खेळ तर बांधावरूनच खेळावा. मोरेनोने खुर्ची निवडली कारण त्याच्या शहरात सिंहासन रिकामं झालं होतं. आपल्याला जागा बदलण्याशी मतलब.

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. दाराच्या फटीतून सासूने पाहिलं की सून वेगळ्याच आवाजात बोलतेय, तर घरात पहिला शब्द निघेल: अंगात आलं. म्हणून आधी घरच्यांना सांगून ठेवणं, आणि शेवटी भूमिका नीट उतरवणं, याला पर्याय नाही. उठून उभं राहायचं, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, खुर्च्या किंवा पाट जागच्या जागी ठेवायचे, पाणी प्यायचं. सायकोड्रामातून आलेली ही शिस्त आहे आणि ती गाळली की माणूस मनाचा तो आवाज घेऊनच घरी जातो. ज्यांना खरोखरच कानात आवाज ऐकू येतात, ज्यांचं वास्तवाचं भान सुटलेलं आहे, जे ताज्या आघातात आहेत किंवा जीव द्यायच्या विचाराच्या काठावर आहेत, त्यांच्यावर हा प्रयोग करायचा नाही. त्यांना आधी डॉक्टर आणि सोबत हवी. रात्री-अपरात्री अशी वेळ आली तर १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात जालना आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावलीतून खचलेली माणसं हुडकतात आणि पुढे पाठवतात. मराठवाड्याला स्वतःचं प्रादेशिक मनोरुग्णालय नव्हतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही दूर. ते आता जालन्यात व्हावं असा निर्णय झाला आहे. हुडकणं आणि दाखल करणं यांच्या मधला टप्पा मात्र समुपदेशकाचा. त्याच्या हातात औषध नसतं, वेळ आणि जागा असते. या टप्प्यावर काम करणाऱ्या मराठी समुपदेशकांना खुर्चीचं प्रशिक्षण द्यायचं झालं, तर मोरेनो, पर्ल्स, ग्रीनबर्ग आणि हेज हवेतच. पण सरावाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतः खुर्चीवर बसून पाहावं, की आपल्या तोंडून किती मिनिटांत उपदेश निघतो. जो तिथे थांबायला शिकेल, त्यालाच समोरच्या शेतकऱ्याला थांबवता येईल.